अण्णांना मी दिसलेच नाही

आज टपालपेटीत पुन्हा इंटरनेट कंपनीचा तोच रंगीत कागद. 'तुमच्या गावात फायबर येतंय!' आणि खाली बारीक अक्षरात: ३३ टक्के घरांनी आधी करार केला तरच. दोन वर्षांपूर्वीही हाच कागद आला होता. आकडा भरला नाही, कंपनी निघून गेली. डोकं सणकलंय, म्हणून लिहितेय.

त्याच वर्षी अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन होतं, साताऱ्याला. मला रजा मिळाली नाही. इथे जर्मनीत, स्टुटगार्टपासून तासाभरावरच्या गावात, मी नऊवारी नेसून लॅपटॉपसमोर उभी, हातात तबक. तिकडे ८१ दिवे लागले, मला सगळं दिसत होतं. अण्णांच्या पडद्यावर मात्र माझं चित्र थिजलेलं. मी ओवाळतेय आणि ते आईला विचारतायत, "गेली का गं ती?"

आमच्या रस्त्यावरच्या करड्या पेटीपर्यंत फायबर आलंय. पेटीपासून घरापर्यंत टेलिफोनची जुनी तांब्याची तार. अंतर वाढलं की वेग पडतो, आणि आमचं घर गावाच्या अगदी टोकाला. २०२२ मध्ये सरकारने इंटरनेटचा कायदेशीर हक्क दिला, त्यात अपलोड, म्हणजे माझं चित्र अण्णांकडे जायचा वेग, किती? १.७ एमबीपीएस! नंतर ते ५ केलं. एवढ्या श्रीमंत देशात हा हक्क?

१९८१ मध्ये इथले चॅन्सेलर श्मिट यांच्या सरकारने देशभर फायबर टाकायचं ठरवलं होतं. पुढच्या वर्षी त्यांच्या जागी कोल आले आणि पैसा टीव्हीच्या तांब्याच्या केबलकडे वळला. तेव्हा फायबर महाग होतं, मान्य. पण २०१६ मध्येही व्हेक्टरिंगलाच परवानगी? म्हणजे जुन्या तारांचा एकमेकींत मिसळणारा गोंगाट कापायचा आणि त्यांच्यातूनच आणखी थोडा वेग पिळून काढायचा. तिकडे स्पेनमध्ये टेलिफोनिका या फोन कंपनीने २०२५ मध्ये तांब्याची उरलीसुरली एक्स्चेंजही बंद केली. ब्रुसेल्सने, म्हणजे युरोपीय आयोगाने, २०२४ च्या श्वेतपत्रिकेत २०२८ पर्यंत ८० टक्के आणि २०३० पर्यंत सगळे ग्राहक तांब्यावरून हलवायचं सुचवलं. सुचवलं, बस. गावात पाण्याची लाइन टाकताना कुणी ३३ टक्के सह्या मागतं का? मग तांब्याची शेवटची तारीख कायद्याने ठरवून टाका ना! आमच्या माथी सह्या गोळा करणं कशाला?

गेल्या वेळी शेजारच्या आजींनी सही केली नाही. मला फार राग आला होता त्यांचा. अण्णांचा तो प्रश्न आठवला की त्यांचं दार दिसायचं. वीज गेली तर फोनचं काय, असं त्या म्हणाल्या होत्या. जुन्या फोनला तारेतूनच करंट यायचा, हे खरंच. पण फोन राउटरवर गेला तेव्हाच ती सोय संपली, आणि हे त्यांना कुणी समजावून सांगितलंच नाही. खरी भीती वेगळीच होती. नवऱ्याने लावलेले गुलाब खणून काढतील. दारापासून पायरीपर्यंत दोन्ही बाजूंना आहेत ते, हिवाळ्यात प्रत्येक बुंध्याला त्या गोणपाट गुंडाळतात. मी तेव्हा दारातूनच परतले, नीट ऐकूनही घेतलं नाही.

आज कागदावरच्या नंबरला फोन लावला. बागेत चर खणावा लागत नाही म्हणे. रस्त्याच्या कडेला एक खड्डा घेतात आणि जमिनीखालून नळी थेट भिंतीपर्यंत ढकलतात. हे लिहून मागितलंय त्यांच्याकडून. ते आलं की प्रिंट काढून आजींकडे जातेय, आणि या वेळी आत जाऊन बसणार आहे.