मिनॉर्स्कींचं नाव राहून गेलं

पीआयडी नियंत्रक यंत्राची चूक मोजून ती आपोआप सुधारतो: पी हे पद आत्ताच्या चुकीच्या प्रमाणात, आय साठत आलेल्या चुकीनुसार, डी चूक बदलण्याच्या वेगानुसार. त्याच्यावरच्या एका लेखात त्याचं सगळं श्रेय झिग्लर आणि निकोल्स या अभियंत्यांना दिलंय. त्या दोघांनी १९४२मध्ये ट्यूनिंगचे, म्हणजे कोणत्या पदाला किती जोर द्यायचा याचे, नियम दिले, तेही मोलाचेच. पण तिन्ही पदांचं गणित अभियंते निकोलस मिनॉर्स्की यांनी १९२२मध्येच मांडलं होतं, जहाजाच्या सुकाणूसाठी.

मुरलेला खलाशी जहाज किती अंश भरकटलंय एवढंच बघत नाही. ते परत वळू लागलं की दिशा साधायच्या आधीच तो सुकाणू उलट फिरवतो, नाहीतर जहाज पलीकडे जातं. वळण्याच्या वेगाची ही दखल म्हणजे डी.

आय का लागतो? बाजूच्या वाऱ्याला तोलायला सुकाणू सतत ३ अंश वळलेलं हवं असं धरा. नुसता पी आणि गेन (चुकीच्या किती पट सुकाणू वळवायचं तो आकडा) १.५ असेल, तर ते ३ अंश मिळायला २ अंशांची चूक कायम राहणारच! गेन वाढवला तर चूक घटते, पण सुकाणूचा परिणाम उशिरा दिसत असल्यानं जहाज नागमोडी चालतं. आय चूक साठवत जातो आणि ३ अंश धरून ठेवतो. मात्र सुकाणू शेवटच्या टोकाला टेकल्यावर हे साठवणं थांबवावंच लागतं, नाहीतर जहाज दिशा ओलांडून बरंच पुढे जातं.

‘न्यू मेक्सिको’ या अमेरिकी युद्धनौकेवरच्या मिनॉर्स्कींच्या चाचण्यांत नियंत्रक सुकाणूचा कोन नव्हे, सुकाणू फिरण्याचा वेग ठरवायचा. पी आणि आयवर जहाज ±२ अंश हेलकावत होतं; डी जोडल्यावर तेच ±१/६ अंशावर आलं. बहुतेक खलाशांनाही हे जमत नसे.