लाईट येऊ दे जरा

लँडस्केप फोटोग्राफरशी लग्न करू नका असं मी कुणाला सांगणार नाही, कारण माझं करून झालंय आणि एकटीनेच का भोगायचं. लग्नातले फोटोग्राफर परवडले, ते "मॅडम जरा हसा" म्हणतात, दोन क्लिक मारतात आणि जेवायला पळतात. डोंगराला हसा म्हणता येत नाही. मग त्याच्यावर ऊन पडेपर्यंत थांबायचं, ऊन पडलं की "फार हार्श आहे गं" म्हणून ढग येईपर्यंत थांबायचं, आणि ढग आला की "लाईट गेला" म्हणून परत ऊन पडेपर्यंत. या थांबण्यात माझं काम म्हणजे छत्री धरणे, बॅग ओल्या दगडावर न टेकवणे आणि भूक लागली हा शब्द न काढणे. गोल्डन अवर वगैरे ऐकायला फार रोमँटिक वाटतं, प्रत्यक्षात तो पहाटे साडेतीनचा अलार्म असतो.

कासला गेलो तेव्हाचं सांगते. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर, 2012 पासून युनेस्कोच्या यादीत, त्यामुळे सप्टेंबर उजाडला की अर्धं पुणे तिकडेच. लोक तेरड्याच्या गुलाबी पट्ट्यासमोर उभे राहून फोटो काढत होते, म्हणजे नॉर्मल माणसं काढतात तसे. आमच्याकडे नॉर्मल चालत नाही. नवऱ्याला सीतेच्या आसवाचं एकच फूल हवं होतं. नखाएवढं निळं-जांभळं फूल, ओलसर कातळावर उगवतं, दिसायला गरीब पण खाली बारीक बारीक पिशव्या असतात आणि त्यात सूक्ष्म जीव अडकवून खातं. देठ दोऱ्याएवढा, त्यामुळे कुणी शिंकलं तरी हलणार, आणि कासच्या पठारावर वारा नाही असा क्षण अजून जन्माला यायचाय. हा वाटेच्या कडेला गुडघे टेकून, नाक कॅमेऱ्याला लावून बसलेला, मी छत्री आडवी धरून वारा अडवतेय, तेवढ्यात मागून एक काकू आल्या. "काय हरवलंय का?" मी कंटाळून नुसती मान हलवली. "अंगठी का?" परत मान. तर त्यांचं अख्खं कुटुंब, दोन जावई धरून, कमरेत वाकून शोधायला लागलं! नवरा ओरडतोय की सावली पडतेय बाजूला व्हा, आणि काकू त्याला म्हणतायत, अहो चिडू नका सापडेल, सोनं कुठे जात नाही. फोटो अर्थातच हलला.

पण खरा कळस हरिश्चंद्रगडावर झाला. कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसतं, म्हणजे अख्खं गोल इंद्रधनुष्य. कर्नल साईक्स नावाच्या साहेबाने गडावरून दिसलेल्या त्या गोलाबद्दल 1835 साली छापून आणलं आणि त्याची शिक्षा आज मी भोगतेय. कारण ते दिसायला खाली दरीत धुकं हवं आणि सूर्य बरोब्बर पाठीशी. कडा पश्चिमेला तोंड करून उभा, म्हणजे सकाळचं काम, म्हणजे रात्री वरच मुक्काम. पाचनईच्या वाटेने चढलो, वर झोपडीत पिठलं-भाकरी मिळाली (ट्रिपमधला एकमेव फोटो काढण्यासारखा क्षण, तो कुणी काढला नाही), आणि पहाटेपासून कड्यावर.

नुसतं पांढरं. दरी नाही, कोकण नाही, शेजारी नवरा आहे हेही "लेन्सवर परत बाष्प आलं" एवढ्यावरून कळत होतं. पुसायचं फडकं त्याच्या हातून निसटून कड्यावरून खाली गेलं आणि दोन सेकंदात वाऱ्याने वर येऊन माझ्या तोंडावर बसलं. कोकणकडा हलकी वस्तू ठेवून घेत नाही, परत करतो, हे ऐकलेलं होतं.

साडेआठच्या सुमारास मागून ऊन आलं, धुकं जरा खाली बसलं आणि खरंच आलं की हो ते! रंगीत गोल कडं आणि मधोमध माणसाची सावली. माझी. मी आनंदाने ओरडले, "अरे बघ, माझ्याभोवती आहे!" नवरा डोळा कॅमेऱ्याला लावूनच म्हणाला, "तुझ्याभोवती कुठे, माझ्याभोवती आहे." मी हात हलवला, तर कड्यातल्या सावलीने हात हलवला. त्याने ट्रायपॉड उचलला, तर म्हणे कड्यातल्या सावलीनेही उचलला. दोन माणसं खेटून उभी, समोर एकच दरी, आणि दोघांनाही स्वतःच मध्ये दिसतोय. लिंबू सरबतवाला पोरगा मागे हसत उभा होता. म्हणाला, "ताई, हिथं समद्यांचं असंच हुतं, ज्याला त्याला त्याचीच दिसती." धुक्याच्या थेंबांवरून प्रकाश उलटा फिरून ज्याच्या त्याच्या डोळ्याकडे येतो, म्हणून कडं ज्याच्या त्याच्या डोक्याभोवती. सायन्स झालं हे. पण आमच्या घरात कोण मध्यभागी हा प्रश्न साखरपुड्यापासून चालू आहे, तिथे सायन्स काय करणार? भांडण मिटायच्या आत धुकं वर आलं आणि सगळं परत पांढरं.

त्याच्या फोटोत तो मधोमध, देवासारखं वलय घेऊन उभा, आणि मी कडेला, बिनवलयाची, हातात मिटलेली छत्री. तो त्याने सासरच्या ग्रुपवर टाकला. आत्याबाईंचा लगेच मेसेज, "वा! दर्शनच झालं. शेजारी कुणी गडी होता का सामान उचलायला?" मी काहीच बोलले नाही. मधल्या गडबडीत मीही मोबाईलवर एक काढला होता, त्यात मी मधोमध आणि कडेला तीन पायांचं काहीतरी. तो माहेरच्या ग्रुपवर गेलाय. आईने अजून विचारलेलं नाही जावई कुठे होते म्हणून.