होलीचं झाड घेताना नावावर जाऊ नका

होली (holly) या बागेतल्या झाडावर आलेल्या लेखात त्याच्या काटेरी पानांचं कौतुक भरपूर आहे, पण लाल फळं हवी तर झाड मादी लागतं आणि आसपास एखादा नर, हे राहूनच गेलं. इथे इंग्लंडात शेजारीपाजारी कुंपणाला होली असतेच, म्हणून बहुधा निभावतं. नर्सरीतल्या पाटीवर मात्र विसंबू नका: 'गोल्डन किंग' ही जात मादी आणि 'सिल्व्हर क्वीन' नर! नावं कुणी ठेवली देव जाणे. मे महिन्यात बारीक पांढरं फूल जवळून बघा, मधोमध टपोरा हिरवा मणी दिसला की मादी. एकाच झाडापुरती जागा असेल तर 'जे. सी. व्हॅन टॉल' ही जात घ्या. एकटंच फळतं, काटेही कमी. घरात लहान मुलं असतील तर जपा, फळं विषारी असतात.