पुरुषांना अर्धा, बायकांना एक

रोमन स्नानगृहांचा विषय निघाला की सगळे सम्राट काराकाल्लाच्या नावाच्या स्नानगृहाच्या अवशेषांचे फोटो टाकतात. इ.स. २१६ मध्ये रोममध्ये खुलं झालेलं, एका वेळी सुमारे १६०० माणसं मावतील एवढं. थक्क व्हावं असंच आहे ते. पण मला रोमन लोकांचं कौतुक वाटतं ते पोर्तुगालमधल्या एका कांस्य पत्र्यामुळे.

गाव विपास्का, आजचं अल्जुश्त्रेल. खाणकामगारांची वस्ती. १८७६ मध्ये तिथे सापडलेल्या या पत्र्यावर दुसऱ्या शतकातले नियम कोरलेत आणि त्यात गावच्या स्नानगृहाच्या ठेक्याची कलमं आहेत. ठेकेदाराने रोज, स्वतःच्या खर्चाने पाणी तापवायचं. पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत भरलेलं हवं. पाण्याची धातूची भांडी दर ३० दिवसांनी धुऊन, घासून, ताजी चरबी चोळून ठेवायची. भट्टीचं सरपण बाहेर विकायचं नाही. हयगय केली तर २०० सेस्टर्स (रोमन नाणी) पर्यंत दंड!

राजधानीपासून इतक्या लांब, दिवसभर खाणीत राबणाऱ्या माणसाला संध्याकाळी गरम पाणी मिळालंच पाहिजे, हे कोणीतरी धातूवर कोरून ठेवलं. सम्राटाच्या नावाने उभ्या राहिलेल्या संगमरवरी दालनांपेक्षा मला हे मोठं वाटतं.

आणि याच पत्र्यावरची एक ओळ मला अजिबात पटत नाही, ती स्नानाच्या दराची. अ‍ॅस म्हणजे रोमन लोकांचं छोटं नाणं. पुरुषांना अर्धा अ‍ॅस, बायकांना एक अ‍ॅस. सरळ दुप्पट! वेळही वेगळी: बायका पहाटेपासून सातव्या तासापर्यंत, म्हणजे जेमतेम दुपारपर्यंत, पुरुष आठव्या तासापासून रात्रीच्या दुसऱ्या तासापर्यंत (दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजत, रात्रीचे सूर्यास्तापासून). लहान मुलं आणि सैनिक फुकट. ‘त्या काळी तसंच होतं’ असं म्हणून हे सोडून द्यायला मी तयार नाही. पाणी तेच, भट्टी तीच.

भट्टीचंही सांगायला हवं. रोमन स्नानगृहात नुसतं पाणी तापवत नसत, फरशीच तापवत. फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली असे. भट्टीची धग त्या पोकळीतून फिरायची आणि बऱ्याच ठिकाणी भिंतींतल्या पोकळ विटांमधून वर चढायची. एवढं सगळं तापायला वेळ लागतो. पहिली बाई पहाटे आत यायची, म्हणजे भट्टीपाशी कोणीतरी रात्रभर लाकडं सारत असणार. ठेकेदाराची कर्तव्यं पत्र्यावर बारकाईने लिहिलीत. त्या माणसाचा उल्लेख नाही.