एकाच नावाचे दोन टाइप: सी शार्पवर जावाचा आळ

“साध्या आणि जेनेरिक टाइपला एकच नाव देऊ नका. कंपायलर गोंधळतो, रनटाइमला दोन्ही एकच होतात. नावापुढे ‘जेनेरिक’ जोडा.” सी शार्प ही प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्यांना हा सल्ला हमखास मिळतो. जेनेरिक म्हणजे ज्यात नेमका कोणता टाइप भरायचा ते वापरताना ठरतं असा टाइप; ती मोकळी जागा, पेटी<टी> मधला टी, म्हणजे टाइप पॅरामीटर.

“कंपायलर गोंधळतो.” मुळीच नाही. नाव आणि टाइप पॅरामीटरांची संख्या मिळून तो टाइप ओळखतो. टास्क आणि टास्क<टी> २०१० पासून एकाच नेमस्पेसमध्ये (नावांच्या एकाच गटात) आहेत. अ‍ॅक्शन तर शून्यापासून सोळा पॅरामीटरांपर्यंत सतरा रूपांत मिळतो.

अफवेचं मूळ मला वाटतं सीएस०३०५ या एररमध्ये आहे. स्वतःचं कलेक्शन लिहायला घेतलं की वस्तू एकेक करून देणाऱ्या आयइन्युमरेबल<टी>सोबत साधा आयइन्युमरेबलही गळ्यात पडतो, कारण जेनेरिक त्याच्यापासूनच वारसा घेतो. फायलीच्या वर मात्र फक्त सिस्टिम.कलेक्शन्स.जेनेरिक जोडलेलं असतं. साधा टाइप दिसतच नाही, म्हणून कंपायलर ही एरर देऊन एक टाइप आर्ग्युमेंट (टीच्या जागी खरा टाइप) मागतो. डॉटनेट या सी शार्पच्या प्लॅटफॉर्मच्या ६ व्या आवृत्तीपासूनच्या नव्या प्रोजेक्टांत जेनेरिक नेमस्पेस आपोआप येते, साधी येत नाही. त्यामुळे हा घोळ अजून जिवंत आहे. सिस्टिम.कलेक्शन्स जोडा, एरर गेली. पुढे दोन्हींच्या गेटइन्युमरेटर मेथडी फक्त रिटर्न टाइपने वेगळ्या राहतात आणि एक एक्स्प्लिसिट (इंटरफेसचं नाव जोडून) लिहावी लागते. टक्कर आहे ती इथे, मेथडींची.

“रनटाइमला दोन्ही एकच.” हे जावा या दुसऱ्या भाषेचं दुखणं. २००४ च्या जावा ५ ने इरेजर (कंपाइल होताना टाइप पॅरामीटर पुसून टाकणं) स्वीकारलं, म्हणून तिथे एकाच पॅकेजमध्ये पेटी आणि पेटी<टी> लिहिलं तर डुप्लिकेट क्लासची एरर येते. फंक्शनच्या जोडीला बायफंक्शन असं वेगळं नाव द्यावं लागतं ते यामुळेच. डॉटनेटमध्ये २००५ पासून टाइप पॅरामीटरांची संख्या मेटाडेटातल्या (प्रोग्रामसोबत साठवलेल्या टाइपांच्या माहितीतल्या) नावातच असते. टाइपऑफ(लिस्ट<>).नेम छापून बघा: लिस्ट`१.

“‘जेनेरिक’ जोडा.” कशाला? सी शार्पमध्ये कन्स्ट्रक्टर टाइप स्वतः ताडत नाही, मेथड ताडते. म्हणून तर काही किमती एकत्र बांधणाऱ्या टपल<...>शेजारी साधा स्टॅटिक टपल ठेवलाय, टपल.क्रिएट(१, "अ") लिहिलं की काम झालं. नावं वेगळी केली तर ही सोय शोधायची कुठे?

पेटी<टी> आणि पेटी<यू> मात्र पॅरामीटरांची संख्या एकच असल्याने खरंच एकत्र चालत नाहीत, कन्स्ट्रेंट (टाइपवरच्या अटी) कितीही वेगळे दिले तरी. आणि एका फोल्डरमध्ये पेटी.सीएस नावाच्या दोन फायली मावत नाहीत, तेव्हा एकीला पेटीऑफटी.सीएस म्हणा. फायलीला, टाइपला नव्हे.