फोटोवर नाव, गाव आणि तारीख टाका

२०१९ च्या ऑगस्टमध्ये, महापुरात, भिलवडीजवळ मी एक फोटो काढला होता. गुळाच्या काहिलीत, म्हणजे उसाचा रस उकळायच्या मोठ्या कढईत, एक आजी बसलेली. दोन पोरं छातीभर पाण्यातून ती काहील ढकलताहेत. मागे एका दुकानाचं शटर निम्मं पाण्यात. आजीच्या मांडीवर पदरात गुंडाळलेला देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, त्याचं फक्त पितळी डोकं बाहेर दिसतंय. त्या आठवड्यात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले होते. धोक्याची पातळी ४५ फुटांची.

त्या रात्री फोटो इंटरनेटवर टाकला. कोपऱ्यात नाव नाही, तारीख नाही, काही नाही. लोकांच्या घरादारात पाणी शिरलेलं असताना आपलं नाव कुठं मिरवायचं, असं मनापासून वाटलं होतं.

२०२४ च्या जुलैत पुन्हा पाणी चढायला लागलं. पातळी धोक्याच्या खालीच होती, पण २०१९ पाहिलेल्या माणसाला नुसत्या पावसाच्या आवाजानं झोप लागत नाही. पहाटे पाचला पुण्याहून मावशीचा फोन. "तुम्ही सगळे बरे आहात ना रे? आत्ताच फोटो आलाय व्हॉट्सअॅपवर." उघडून बघतो तर माझाच फोटो. वर लाल अक्षरांत "सांगली, आज सकाळी". आमच्या गल्लीतल्या एका किराणा दुकानदाराने तो बघून रात्रीच टेम्पो बोलावला आणि पोती वरच्या मजल्यावर चढवली होती.

दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. काहिलीतल्या आजींचा नातू. बरीच शोधाशोध करून नंबर मिळवला होता त्यानं. म्हणाला, "दादा, आजी जाऊन आठ महिने झाले. आणि सकाळपासनं पाहुण्यांचे फोन चाललेत, आजीला बाहेर काढलं का म्हणून. आई नुसती रडतीय." त्याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही. मी फक्त माफी मागितली.

त्यामुळे "वॉटरमार्क, म्हणजे फोटोवरच उमटवलेली आपली खूण, टाकावा का?" असं कुणी विचारलं की माझं उत्तर आता ठाम आहे. टाकावा. आणि नुसतं नाव नको. नाव, गाव, महिना, वर्ष.

माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता. प्रत्येक प्रिंटच्या मागे स्टुडिओचा रबरी शिक्का आणि पेन्सिलीने तारीख नि निगेटिव्हचा नंबर. दहा वर्षांनी कुणी फोटो घेऊन आलं की वडील आधी तो उलटा करायचे, नंबर वाचायचे आणि डब्यातून नेमकी निगेटिव्ह काढायचे. तुमच्याही घरातले जुने फोटो उलटून बघा, मागे काही ना काही सापडेल. मोबाईलवरच्या फोटोला ही मागची बाजूच राहिलेली नाही. कॅमेरा फाईलच्या आत तारीख लिहितो खरा, पण फोटो म्हणून व्हॉट्सअॅपवरून पाठवला की ती माहिती गळून पडते. मग जे लिहायचं ते पुढच्या बाजूलाच लिहायला हवं.

फोटोची वाट लागते, असं माझे मित्र म्हणतात. मधोमध आडवं नाव ठोकलं तर लागतेच, त्यात वाद नाही. मी बारीक अक्षरांत एकच ओळ टाकतो, तीही अगदी कडेला नाही, कारण कडेची ओळ एका कात्रीत जाते. मुख्य विषयाला लागून जी मोकळी जागा असते तिथे टाकतो. आजींच्या फोटोत आता ती काहिलीच्या काठालगतच्या पाण्यावर आहे. ती कापायची तर काहील कापावी लागेल. चेहऱ्यावर मात्र कधीही नाही.

दुसरा आक्षेप असा की वॉटरमार्क पुसता येतो. येतोच. २०१७ मध्ये गूगलच्याच संशोधकांनी दाखवून दिलं की एकच खूण बऱ्याच फोटोंवर एकसारखी असेल तर संगणक ती आपली आपण ओळखून साफ करू शकतो. आता तर फोनवर बोट फिरवलं की झालं. पण माझा फोटो पसरवणारे काही चोर नव्हते. काळजीपोटी पुढे पाठवणारी साधी माणसं होती ती, माझ्या मावशीसारखी. त्यावर "ऑगस्ट २०१९" एवढं असतं, तर बहुतेकांनी ते वाचलं असतं आणि फोटो तिथेच थांबला असता.

हक्काचं म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वॉटरमार्कची अट कुठेच नाही. फोटो काढला की हक्क आपोआप आपला, आणि आपण हयात असेपर्यंत व त्यानंतर पुढची ६० वर्षं राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोवरची नावासारखी ओळख जाणूनबुजून काढून टाकणं हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हाही आहे. पण पुसली म्हणायला आधी ती टाकलेली तरी हवी ना! पैसे घेऊन काढलेल्या फोटोंचं वेगळं आहे. करारात दुसरं काही ठरलेलं नसेल तर तिथे पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणूनच लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या शालूवर आपला भलामोठा लोगो चढवणारे बघितले की मला राग येतो. तो दिवस त्यांचा आहे, आपल्या जाहिरातीचा नाही.

पुराचे, दरडीचे, अपघाताचे फोटो काढणाऱ्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. संकोच करू नका. ती ओळ मिरवण्यासाठी नसते. आणि फोटो पुढे पाठवणाऱ्यांनो, फोटोवरची ओळ कापून पाठवू नका.

मी २०१९ चे सगळे फोटो परत काढून बसलोय. एकेकावर ओळ टाकायचं काम चालू आहे, निम्मे झाले. गेल्या महिन्यात आजींचा नातू सांगलीला आला होता. त्याला मोठी प्रिंट काढून दिली. मागे पेन्सिलीने मी भिलवडी लिहिलं, ऑगस्ट २०१९ लिहिलं. आजींचं नाव लिहायला पेन्सिल त्याच्याकडे दिली.