अमेरिकेत बाळाला लिव्हर मिळतं ते कसं: त्या फॉरवर्डला उत्तर

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: तिथे लिव्हर पैसेवाल्यांनाच मिळतं, स्टीव्ह जॉब्सला मिळालं तसं, व्हिसावर आलेल्यांच्या मुलांना कुणी विचारत नाही, मुलांना मोठ्यांच्या मागे उभं करतात, आणि बाळाला बाळाचंच लिव्हर लागत असल्यामुळे यादीत नाव घालून उपयोग नाही. ज्यांच्या तान्ह्या बाळाला बिलिअरी अट्रेसिया (लिव्हरमधून पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या बंद असण्याचा आजार) झालाय अशा आईबापांच्या फोनवरही हा मेसेज पोचतो. म्हणून राग येतो, आणि म्हणून उत्तर द्यायचं.

व्हिसाचं आधी, कारण ते धडधडीत खोटं आहे. देशभरातल्या अवयववाटपाचे नियम ओपीटीएन ही यंत्रणा ठरवते. मृत दात्याचं लिव्हर कुणाला द्यायचं हे ठरवताना नागरिकत्व किंवा वास्तव्याचा दर्जा बघायचा नाही, असं तिच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या घरातलं मूल त्याच यादीत, त्याच निकषांवर असतं.

पैशाचा मुद्दा मात्र एका वाक्यात उडवून लावता येत नाही. अवयवाची खरेदी-विक्री तिथे 1984 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि आजाराच्या गांभीर्यावरून नंबर ठरवणाऱ्या गुणांच्या गणितात उत्पन्नाला जागा नाही. जॉब्स राहायचे कॅलिफोर्नियात, ट्रान्सप्लांट झालं 2009 साली टेनेसीतल्या मेम्फिसमध्ये. एकापेक्षा जास्त केंद्रांत नाव नोंदवायला नियमांची परवानगी आहे, आणि तेव्हा लिव्हर आधी स्थानिक भागात वाटलं जायचं, त्यामुळे जिथे वाट पाहावी लागण्याचा काळ कमी तिथे नाव घालण्याचा फायदा व्हायचा. लिव्हर उपलब्ध असल्याचा फोन आल्यावर काही तासांत तिथे हजर होणं ज्याला परवडतं, त्यालाच ते जमतं. शिवाय यादीत घेण्याआधीच हॉस्पिटल विमा तपासतं, कारण औषधं जन्मभर चालतात. पैशाचा अन्याय आहे तो यादीच्या दारापाशी. 2020 पासून वाटप दात्याच्या हॉस्पिटलपासूनच्या अंतरावर होतं, त्यामुळे गावोगावची तफावत कमी करण्याचा प्रयत्न तरी झालाय.

आता मुलांना मागे टाकतात हा आरोप. नियम वाचले तर उलटंच दिसतं. अचानक लिव्हर निकामी होऊन आयसीयूत असलेलं मूल सर्वांत तातडीच्या 1अ गटात जातं. त्याखालोखालचा 1ब हा गट तर फक्त मुलांसाठीच आहे. दाता 18 वर्षांखालचा असेल तर वाटपाच्या क्रमात मुलांना झुकतं माप मिळतं. बाकीच्यांचा नंबर आजार किती गंभीर आहे त्याच्या गुणांवर लागतो. आधी कुणी नाव घातलं हे बघतात ते गुण सारखे आले तर.

पण हे गुण काढायची पद्धतच बरीच वर्षं लंगडी होती, आणि तक्रार करायची तर ती इथे करायला हवी. 2002 पासून 12 वर्षांखालच्या मुलांसाठी पेल्ड हा स्कोअर वापरात आला. बिलिरुबिन (काविळीचं मोजमाप), आयएनआर (रक्त गोठण्याचं मोजमाप), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), वय एक वर्षाच्या आत आहे का, आणि वाढ खुंटलीय का, एवढ्यावर तो बेतलेला. आता प्रत्यक्षातलं बाळ बघा. डोळे पिवळे, दंड काडीसारखे, पोट मात्र पाण्याने टम्म फुगलेलं. काट्यावर ते पाणीही वजन म्हणूनच मोजलं जातं, त्यामुळे खंगलेलं मूल कागदावर ठीकठाक दिसू शकतं. प्रकृती ढासळली म्हणून शिरेतून अल्ब्युमिन चढवावं, तर रिपोर्ट सुधारतो आणि स्कोअर उतरतो. किडनीवर आलेला ताण तर या गणितात धरलेलाच नव्हता. परिणामी पेल्ड जितका सांगायचा त्याहून मुलं जास्त धोक्यात असायची, आणि डॉक्टरांना वरचेवर वाढीव गुणांसाठी अर्ज करावे लागायचे. 2023 च्या जुलैत स्कोअर बदलला: किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आलं, वय आणि वाढ जास्त बारकाईने मोजली जाऊ लागली, आणि मुलाचा धोका मोठ्यांच्या धोक्याशी ताडून बघायची सोय झाली. ही दुरुस्ती व्हायला 21 वर्षं लागली. मेसेज लिहिणाऱ्याने यावर चार ओळी लिहिल्या असत्या तर मीच तो पुढे पाठवला असता.

राहिलं बाळाला बाळाचंच लिव्हर लागतं, हे. चारही मुद्द्यांत मला सर्वांत घातक वाटतं ते हेच, कारण ते वाचून माणूस प्रयत्नच सोडून देईल. 1988 साली जर्मनीत हॅनोव्हरला रुडॉल्फ पिखल्मायर यांनी एका दात्याचं लिव्हर दोघांत विभागून बसवलं. मोठ्या माणसाच्या लिव्हरचा डावीकडचा छोटा भाग बाळाच्या पोटात मावतो, उजवीकडचा मोठा भाग प्रौढ रुग्णाला जातो. लिव्हर पुन्हा वाढतं, म्हणून आई किंवा बापही तो तुकडा जिवंतपणी देऊ शकतात. भारतात बहुतेक मुलांना लिव्हर मिळतं ते असंच. दिल्लीत 1998 साली 20 महिन्यांच्या मुलावर देशातलं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट झालं, तेव्हाही दाता वडीलच होते. घरातलाच दाता असेल तर यादीतल्या नंबरची वाटही बघावी लागत नाही.

अमेरिकेत मात्र विभागून लावलेली लिव्हर अजून फार थोडी, कारण त्यासाठी कसलेली टीम लागते आणि ती सगळीकडे नसते. तेव्हा बाळाला घेऊन ट्रान्सप्लांट केंद्रात गेलात तर तीन गोष्टी नक्की विचारा: इथे विभागलेलं लिव्हर बसवता का, आईबापांची दाता म्हणून तपासणी कधी सुरू करता, आणि स्कोअर कमी आला तर वाढीव गुणांसाठी अर्ज कोण करतं?